लोखंडी कढई, काळे भट आणि पुण्यात आलेल्या सासूबाई

अंगणातली सायली

गेल्या कार्तिकात माझ्या सासूबाई उत्तराखंडातल्या कुमाऊँ भागातले, अल्मोडा जिल्ह्यातले आपले गाव सोडून पुण्याला आमच्याकडे राहायला आल्या. घरात त्यांना सगळे इजा म्हणतात. कुमाऊनी भाषेत इजा म्हणजे आई, आणि लग्नाला बावीस वर्षे झाल्यानंतर माझ्याही तोंडी तेच बसले आहे. माझे माहेर चिपळूणचे. सासरी वर्षातून पंधरा दिवस जायचे, चुलीपाशी बसून आयते जेवायचे आणि परत यायचे, असे इतकी वर्षे चालले होते. त्यामुळे इजांच्या रोजच्या जेवणाची जबाबदारी अंगावर पडल्यावर आपल्याला त्यातले काहीच येत नाही, हे मला चार दिवसांत कळून चुकले.

येताना त्यांनी कपड्यांपेक्षा धान्य जास्त आणले. काळे भट, गहत, मडुआचे म्हणजे नाचणीचे पीठ, भांगेच्या बिया आणि एका जुन्या रुमालाच्या गाठीत जंबू. जंबू ही कांदा-लसणाच्या कुळातली, उंचावर उगवणारी वनस्पती असून जोहार, दारमा, व्यास या वरच्या खोऱ्यांतले भोटिया लोक ती वाळवून खालच्या बाजारात आणत आले आहेत. चिमूटभर जंबू गरम तुपात पडली की हिंग, कांदा आणि लसूण या तिघांचीही उणीव भासत नाही. लोखंडी कढई मात्र माझ्या यजमानांनी आणू दिली नाही. पुण्यात काय कढया मिळत नाहीत, असे ते म्हणाले, आणि हा धागा काढण्याचे कारण नेमके तेच आहे.

भट म्हणजे काळ्या सालीचे बारीक सोयाबीन. (माझ्या वडिलांना मी फोनवर "आज भट शिजवायचे आहेत" असे सांगितले तेव्हा ते क्षणभर गप्प झाले होते. रात्री भिजवलेले भट सकाळी पातेल्याबाहेर आलेले पाहून "भटाला दिली ओसरी" ही म्हण मला नव्याने पटली.) त्यांची चुडकाणी करताना कोरडे भट मोहरीच्या तेलात तडतडून साली फुटेपर्यंत परततात, त्यात जिरे आणि हवा असल्यास कांदा घालतात, मग दोन चमचे कणीक किंवा तांदळाची पिठी टाकून ती तांबूस होईपर्यंत भाजतात, हळद, धणे, मिरची घालून भरपूर पाणी ओततात आणि मंद आचेवर शिजू देतात. गावी जे ताटात येते ते हिरवट झाक असलेले, जवळजवळ शाईसारखे काळे कालवण असते आणि ते दुपारच्या भातावर वाढतात. मी स्टीलच्या कढईत सगळे याच क्रमाने केले, तर राखाडी मातकट रंगाचे काहीतरी तयार झाले. इजांनी ते मुकाट्याने संपवले, हात धुतले आणि म्हणाल्या, "ही डाळ झाली. चुडकाणी नाही."

बाजारात बिडाची कढई मिळते, पत्र्याची मिळते आणि लोखंडी म्हणून विकली जाणारी, आतून कसला तरी लेप दिलेलीही मिळते. यांपैकी कोणती घ्यावी, हे जाणकारांनी सांगावे. शिवाय कुमाऊँत कोणी राहिले असेल, तर तिथल्या रोजच्या जेवणाविषयी सविस्तर लिहावे. सणासुदीचे पदार्थ शोधले तर सापडतात, पण मंगळवारच्या साध्या दुपारी काय शिजते ते कोणी लिहून ठेवलेले दिसत नाही.

पाटावरवंटा

सायली, लेप दिलेली कढई मुळीच घेऊ नका. भटाच्या सालीतला रंग उघड्या लोखंडाशी मिळाल्याशिवाय काळा होत नाही, आणि लेप असला की लोखंड त्याला भेटतच नाही. आवळ्याचा तुकडा लोखंडी भांड्यात राहिला तर काळा पडतो, तसाच हा प्रकार आहे. बीड चालेल, परंतु ते जड असते आणि ऐंशीच्या घरातल्या बाईला पेलवणार नाही. जुन्या बाजारात घडीव लोखंडाची, ठोक्यांच्या खुणा दिसणारी कढई मिळते, ती घ्यावी. नवी कढई घासून, तेल लावून तापवायची, असे चारपाच वेळा केल्यावर तिच्यात आधी कांदा जाळून टाकून द्यायचा आणि मगच भट घालायचे.

गहत म्हणजे कुळीथ, हे कळल्यावर मला फार आपलेपणा वाटला. आपण कोकणात कुळथाचे पीठ करून पिठले करतो. कुमाऊँत मात्र तेच दाणे रात्रभर भिजवून पाट्यावर भरड वाटतात आणि त्याचे डुबके करतात. माझ्या नणंदेच्या शेजारणीकडून मी ते एकदा शिकले. वाटण भरपूर पाण्यात सोडल्यापासून उकळी फुटेपर्यंत हात थांबवायचा नाही, नाहीतर ते तळाशी धरते किंवा एकदम उतू जाते. मुतखड्यावर कुळथाचे कढण द्यावे ही समजूत तिथेही आहे, आणि ते ऊष्ण म्हणून थंडीतच खावे ही समजूतही आहे.

जुना फौजी

मी राणीखेतला तीन वर्षे होतो. हल्द्वानीहून वर येताना भवाली मागे पडली की गरमपानी लागते आणि तिथे गाडी थांबवून बटाट्याचे गुटके, काकडीचा रायता आणि भांगेची चटणी खाल्ल्याशिवाय पुढे जायचे नाही, असा आमच्या ड्रायव्हरचा दंडकच होता. गुटके म्हणजे उकडलेल्या बटाट्याच्या मोठ्या फोडी, धणे आणि अख्ख्या लाल मिरच्यांवर कोरड्या परतलेल्या. त्यांत विशेष काही नाही, आपल्याकडची बटाट्याची भाजी त्याहून कमी नाही, असे माझे प्रामाणिक मत आहे. रायत्याची गोष्ट मात्र वेगळी आहे. पहिला चमचा घेतल्यावर तो घशात न उतरता थेट नाकातून डोक्यात गेला, डोळ्यांतून पाणी आले आणि शेजारी बसलेला माझा कुमाऊनी शिपाई भिंतीकडे तोंड करून हसत होता. पुढे तीन वर्षांत त्या रायत्याची अशी सवय झाली की निवृत्तीनंतर मी घरी दहा वेळा प्रयत्न केला, परंतु तो ठसका एकदाही आला नाही. सायलीताई, आपल्या सासूबाईंना विचारून सांगाल का?

अंगणातली सायली

काका, हा घोटाळा माझ्याकडूनही झालेला असल्यामुळे उत्तर लगेच देते. मी राई वाटली, दह्यात कालवली आणि आपल्या कोशिंबिरीच्या सवयीने वरून तेलाची कडकडीत फोडणी ओतली. इजांनी ते दुरून पाहिले आणि कपाळावर हात मारला. राईचा ठसका दाणा फुटून त्याला गार पाणी लागल्यावर तयार होतो आणि उष्णतेने मरतो, म्हणून या रायत्याच्या जवळपास गरम काही आणायचे नाही. पिकून पिवळी पडलेली, हातभर लांब पहाडी काकडी किसून घट्ट पिळायची. पुण्यात ती मिळत नाही, म्हणून आम्ही तवसे घेतो. दह्यात हळद, मीठ आणि हिरवी मिरची घालायची, राई थोड्या गार पाण्याबरोबर कच्चीच वाटून मिसळायची आणि दोनतीन तास झाकून ठेवायचे. तेवढ्या वेळात तो "चढतो". आपण बहुधा केल्या केल्या वाढत असाल.

गुटक्यांविषयीचे आपले मत मी इजांपर्यंत पोहोचवलेले नाही.

शंकेखोर

सर्व लिहिणाऱ्यांना एक प्रश्न विचारतो, राग मानू नये. भांगेच्या बियांची चटणी मुलाबाळांच्या ताटात वाढली जाते, हे वाचून मी चकित झालो. हे नशा आणणारे नाही का, आणि ते घरी बाळगणे कायद्यात बसते का?

नागपूरचा पहाडी

माझे आईवडील पिथौरागढचे आणि माझा जन्म नागपूरचा, म्हणून मराठीत उत्तर देतो. नशा पानांच्या आणि फुलोऱ्याच्या राळेत असते, बियांत नाही. 1985 च्या अमली पदार्थविरोधी कायद्यातही गांजाच्या व्याख्येतून, फुलोरा सोबत नसेल तर, बिया आणि पाने वगळलेली आहेत, आणि 2021 मध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणाने या बियांना खाद्यपदार्थ म्हणून मान्यता दिली. आमच्याकडे त्या तव्यावर तडतडेपर्यंत भाजतात, मीठ, मिरची, पुदिना आणि लिंबाबरोबर वाटतात. चव तिळाच्या आणि शेंगदाण्याच्या मधली असते. बियांचे दूध काढून ते गडेरीच्या, म्हणजे मोठ्या अळकुडीच्या भाजीतही घालतात, त्याने रस्सा दाट होतो.

सायलीताईंनी रोजचे जेवण विचारले आहे. आमच्या घरी नागपुरातही दुपारी डाळभात आणि रात्री पोळीभाजी हा नेम कधी मोडला नाही. रात्री भात मागितला तर आई म्हणायची, आजारी आहेस का? आजारी माणसाला जौला मिळत असे. भट भिजवून वाटायचे, तांदळाबरोबर मऊ गुरगुट्या होईपर्यंत शिजवायचे आणि त्यात मीठसुद्धा न घालता वरून तूप आणि लसणीच्या पातीबरोबर वाटलेले हिरवे मीठ घ्यायचे. चहा बिनसाखरेचा आणि हातात गुळाचा खडा, एक घोट आणि एक चावा. याला कटकी म्हणतात. साखर महाग होती तेव्हाची ही सोय असावी, पण माझे वडील साखर परवडायला लागल्यावरही तसाच चहा पीत.

मला स्वतःला विचाराल तर कुमाऊँचा सगळ्यांत मोठा पदार्थ हा स्वयंपाकघरात होतच नाही. माघातल्या दुपारी, बायकांची सकाळची कामे उरकून गुरांचे गवत आणायला जायला तासभर अवकाश असतो, तेव्हा अंगणात उन्हाच्या तिरिपेत तो होतो. मुठीत न मावणारी पहाडी लिंबे सोलून त्यांच्या पाकळ्यांवरचा पांढरा पापुद्रा काढतात. माझी मोठी काकू तो नखाने इतक्या अलगद काढायची की आतले रसाचे दाणे एकही न फुटता परातीत पडायचे. मुळ्याच्या लांब कापा, घट्ट दही, गूळ, आणि पाट्यावर वाटलेली भांगेची बी, हिरवी मिरची, मीठ. हे सगळे हाताने कालवायचे, कारण चमच्याने पाकळ्या दुखावतात. नंतर कोणी ताटल्या मागत नाही. परातीभोवती सात-आठ जणी बसतात, बोटे चाटत गावभरच्या सुनांचे आणि सासवांचे हिशेब चुकते होतात, आणि लहान मुलगा म्हणून मला तिथे बसू देत, याचा मला तेव्हा फार अभिमान वाटे. सोळाव्या वर्षी गेलो तेव्हा मला वेगळी वाटी मिळाली. ती मी खाल्ली नाही.

रोखठोक

धागा छान चालला आहे, पण त्या परातीभोवतीच्या बायकांना तासभरच का मिळत होता, हेही लिहिले पाहिजे. मी पाणलोटाच्या एका कामासाठी बागेश्वर जिल्ह्यात दोन हिवाळे काढले. उजाडण्यापूर्वी नौल्यावरून, म्हणजे दगडांनी बांधलेल्या झऱ्यावरून पाणी, मग गुरे, मग डोक्यावर लाकडाची मोळी, मग शेत, आणि हे सगळे बाईने करायचे, कारण घरातला कर्ता पुरुष बहुधा दिल्लीला किंवा सैन्यात. शहरातल्या माणसाला सिसूणाची भाजी आवडते. सिसूण म्हणजे आपल्या खाजकुयलीसारखी अंगाची आग करणारी पाने. ती चिमट्याने खुडावी लागतात आणि उकळत्या पाण्यात गेल्याशिवाय त्यांची आग जात नाही. माझ्या घरमालकिणीच्या बोटांवर कायम पुरळ असे. मंद आचेवर तीन तास शिजणारी डाळ म्हणून आपण जिचे कौतुक करतो, त्या आचेखालचे लाकूड कोणी वाहिले, हा प्रश्न तिथे बसून जेवताना मला पडत असे. 2011 च्या जनगणनेत अल्मोडा आणि पौडी या दोन जिल्ह्यांची लोकसंख्या आधीच्या दशकापेक्षा घटलेली आढळली. माणसे काही जेवण नावडते म्हणून गेली नाहीत.

नागपूरचा पहाडी

आपला मुद्दा मान्य आहे. माझी आई नागपुरात आल्यावर नळाखाली घागर लावून नुसती बघत उभी राहायची, असे वडील सांगत.

पाटावरवंटा

डाळ तीन तास शिजण्यामागे लाकडाखेरीज उंचीही आहे. अल्मोडा समुद्रसपाटीपासून सुमारे 1,600 मीटरवर आहे आणि तिथे पाणी 95 अंशांच्या आसपासच उकळू लागते, त्यामुळे कडधान्य उघड्या भांड्यात लवकर शिजत नाही. म्हणून सायली, सासूबाईंनी सांगितलेली वेळ पुण्यात जशीच्या तशी धरू नका. इथे भटांचा लगदा होईल.

अंगणातली सायली

तीन आठवड्यांनंतर लिहिते आहे, उशिराबद्दल क्षमस्व. मध्ये संक्रांत येऊन गेली. कुमाऊँत या सणाला घुघुतिया म्हणतात. गुळाच्या पाण्यात कणीक मळून तिचे वळणदार आकडे, डमरू, ढाल-तलवार असे आकार तळतात, त्यांची संत्र्यासह माळ ओवून मुलांच्या गळ्यात घालतात आणि मुले पहाटे कावळ्यांना हाका मारतात, "काले कौवा काले, घुघुति माला खाले." शरयूच्या एका काठावर हा सण एक दिवस आधी होतो आणि दुसऱ्या काठावर नंतर, त्यामुळे कावळ्यांची दोन दिवस चंगळ होते, असा तिथला जुना विनोद आहे. आमच्या सोसायटीत इजांनी गच्चीवर जाऊन हाका मारल्या. शेजारच्या जोशीकाकूंना वाटले पितृपक्षाचे काही राहून गेले असावे. कावळा मात्र आला, घुघुता घेऊन गेला आणि इजा दिवसभर खुशीत होत्या. तिळगूळही त्यांनी आवडीने खाल्ला, फक्त तो फार कोरडा आहे असे म्हणाल्या.

रोखठोक यांचा प्रतिसाद मी इजांना हिंदीत वाचून दाखवला. त्यांनी पूर्ण ऐकला आणि विचारले, हा माणूस आहे की बाई? मी म्हटले, ठाऊक नाही. त्या म्हणाल्या, कोणी का असेना, याने मोळी उचलून पाहिलेली दिसते. मग त्यांनी एक गोष्ट सांगितली, जी बावीस वर्षांत मला सांगितली नव्हती. लग्न होऊन आल्यावर पहिल्या हिवाळ्यात डुबक्यांचे वाटण करताना पहाटेच्या थंडीत त्यांच्या हातातून लोढा, म्हणजे वरवंटा, निसटला, अंगठ्याचे नख गेले, आणि सासूने रक्त पडलेले वाटण टाकून देऊन पुन्हा भिजवलेले दाणे समोर ठेवले. ते नख आजही अर्धेच आहे. मला ते जन्मतःच तसे वाटत असे.

त्यामुळे माझ्या हौसेची थोडी फजिती झाली. मी चिपळूणहून आईचा पाटा-वरवंटा मागवून घेतला होता, जेणेकरून इजांना घरच्यासारखे वाटावे. त्यांनी त्याच्याकडे एकदा पाहिले आणि तो बाल्कनीत तुळशीच्या कुंडीखाली ठेवायला सांगितला. पन्नास वर्षे वाटले, आता मिक्सर लाव, म्हणाल्या. गहत त्यांनी स्वतःच कुकरमध्ये लावला आणि शिट्ट्याही मोजल्या. मडुआची भाकरी मात्र माझी त्यांना पसंत पडली, कारण नाचणीची भाकरी थापणे हे मला येते आणि त्यांच्याकडे ती पोळपाटावर अथवा हातावर जाडसर करतात. वर तूप आणि गूळ, इथपर्यंत आमच्या दोघींचे एकमत आहे.

कढईच्या बाबतीत त्या तसूभरही हलल्या नाहीत. मिक्सर चालतो, कुकर चालतो, गॅस चालतो, मग कढईचाच हट्ट का, असे यजमानांनी विचारले. त्यावर त्या म्हणाल्या, वाटण्याने माझा हात दुखायचा, कढईने कोणाचे काय दुखते? यापुढे बोलण्यासारखे काही नव्हते. जुन्या बाजारात मी पाटावरवंटा यांनी सांगितल्याप्रमाणे घडीव कढई शोधली. एका विक्रेत्याने मला लेप दिलेलीच "अस्सल लोखंडी" म्हणून दिली होती, ती दुसऱ्या दिवशी परत करताना बरीच हुज्जत झाली. शेवटी मिळालेली कढई दोन वेळा गंजली, कारण मी ती धुऊन ओलीच पालथी घालत होते. तिसऱ्या वेळेपासून इजांनी ती माझ्या हातातून काढून घेतली. आता त्याच ती घासतात, गॅसवर कोरडी करतात आणि तेलाचे बोट फिरवून ठेवतात.

जुना फौजी

सायलीताई, रायता जमला. नातवाने पहिला चमचा घेतला आणि मी भिंतीकडे तोंड केले. आता चुडकाणी काळी झाली की नाही, ते तेवढे सांगून टाका.

अंगणातली सायली

परवा झाली. पहिल्या दोन वेळा तपकिरीच राहिली होती. या खेपेला इजांनी कणीक आणखी थोडी भाजायला लावली आणि शिजल्यावर लगेच वाढू न देता गॅस बंद करून चुडकाणी अर्धा तास कढईतच राहू दिली. झाकण काढले तेव्हा कडेला हिरवट काळी रेघ धरलेली होती आणि पळी बुडवल्यावर ती दिसेनाशी झाली. इजांनी दोन वेळा भात घेतला. नंतर सिंकपाशी उभ्या राहून मला म्हणाल्या की उरलेली रात्रीसाठी काचेच्या भांड्यात काढ, कढईत ठेवलीस तर लोखंडाची चव लागेल, आणि उद्या दुधासाठी जाशील तेव्हा मुळे घेऊन ये, लिंबे तुझ्या भावाने चिपळूणहून पाठवली आहेत ती फुकट जातील.

लिंबे इडलिंबे आहेत, पहाडी नाहीत. तरी पापुद्रा काढायला मी आज दुपारी बसणार आहे.